काळ्या रानातले पिवळे नवरदेव

१९ जून
सकाळी टेम्पो आला. मला वाटलं खताच्या गोण्या असतील. निघाली झुडपं. एकवीस. गुडघ्याएवढीसुद्धा नाहीत आणि रंगाने पिवळीधमक. साहेबांनी एकेक पिशवी दोन्ही हातांनी उतरवून घेतली. मनू जन्मली तेव्हा तिलाही इतकं जपून घेतलं नव्हतं.

नाव विचारलं. "गोल्डन ज्युनिपर," म्हणाले, नवीन जिल्हाधिकाऱ्यांचं नाव सांगावं तशा आवाजात. एकवीसच का? तर म्हणे तसाच आकडा मनात आला. गणपतीला दुर्वा वाहायच्यात जणू.

(साहेब म्हणजे आमचेच हे. हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, घरात अजून साहेबच आहेत. यापुढे नुसतं सा. लिहीन. पूर्ण शब्दाची लायकी नाही.)

२० जून
दिवसभर लावणी. पोखर्णी रोडपासून आमच्या दारापर्यंत जो वावरातून रस्ता येतो, त्याच्या एका कडेने. सा.नी सुतळी बांधली, टेपने अंतर मोजलं, खड्डे हातभर खोल केले. पिशवीतून काढून झुडूप खड्ड्यात ठेवायचं, मागे जाऊन एक डोळा मिटून बघायचं, परत काढायचं. एका झाडाला अर्धा तास. घर बांधताना गवंड्याने भिंत वाकडी घेतली तेव्हा हेच गृहस्थ खुर्चीत पेपर वाचत होते.

दोन वर्षं सांगतेय, त्या कडेने शेवगा लावा. शेंग येईल, पाला येईल. तर नाही.

भावजी (नामदेव, सा.चे धाकटे भाऊ, शेजारचं रान त्यांचं) बांधावर बसून बघत होते. शेवटी विचारलं, "दादा, ह्याला फळ काय येतंय?"
"फळ नाही येत."
"मग फूल?"
"फूलपण नाही."
भावजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "बरं हाय." तेवढंच बोलून उठून गेले. त्यांना सभ्य म्हणायला पाहिजे.

२८ जून
गयाच्या शेळ्या सुटल्या होत्या. (गया म्हणजे माझी धाकटी जाऊ, भावजींची बायको.) रस्त्याने गेल्या, बाभळीच्या काट्यासकट शेंडे खाल्ले, माझी वाळत घातलेली चुंबळ खाल्ली, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान खाल्लं. ज्युनिपरजवळ आल्या, वास घेतला आणि पुढे गेल्या.

सा.ना केवढा आनंद. "बघ, शेळी तोंड लावत नाही." जे शेळीला नको ते आपण रांगेत लावलं याचा अभिमान असलेला माणूस मी पस्तीस वर्षं सांभाळतेय.

त्यांचं मी नाव ठेवलंय: नवरदेव. हळद लागून रांगेत उभे, काम शून्य.

६ जुलै, रविवार
मनूचा फोन. दर रविवारचा. पुण्यात कुठल्याशा कंपनीच्या आवारात हिरवळ लावतेय, चिखलाने बूट खराब झाले. जेवलीस का, जावई बरे आहेत का, एवढं झालं. मग एकदम म्हणाली, "आई, बाबा माझं स्टेटस बघतात गं. रोज. सगळ्यांच्या आधी त्यांचंच नाव येतं."
मी म्हटलं, बघू दे, फुकट असतं.
"काही बोलतात का?"
"कोणाशी? माझ्याशी? माझ्याशी मीठ कमी असलं की बोलतात."
हसली. पण फोन लवकर ठेवला.

चार वर्षं झाली ती या घरात येऊन. मास्तरकीचा नंबर लागला होता, तो सोडून बागांचं शिकायला पुण्याला गेली. त्या दिवशी पाहुण्यांच्या पुढ्यात सा. म्हणाले, "एवढं शिकवून शेवटी माळीण होणार." ती पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होती. तिने बश्या ठेवल्या, प्रत्येकाला चमचा दिला आणि आत जाऊन बॅग भरली. पुढे लग्न कचेरीत केलं, तेव्हा मी एकटी गेले. सा.चा त्या दिवशी गुडघा दुखत होता. दुसऱ्या दिवशी थांबला.

नागपंचमी
गयाची सुमन आली. लिंबाला झोका बांधला, चार घरच्या लेकी जमल्या, आरडाओरडा, पुरणाचे दिंड. माझ्या हातावर कोणी मेंदीचा ठिपका ठेवला, मी पुसला नाही.

सा. सकाळपासून नवरदेवांच्या बुडातलं गवत काढत बसलेले. झोक्याकडे पाठ. सुमन जाऊन पाया पडली. "काका, मनूताई न्हाई आली?" त्यावर म्हणाले, तिला कामं असतात. पाठ तशीच.

कामं असतात. हे यांना कोण सांगतं कळत नाही.

३ ऑगस्ट
पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जाणारी एक कार थांबली. बाई, बुवा, दोन मुलं. नवरदेवांबरोबर फोटो काढले. बाईने विचारलं, "रिसॉर्ट आहे का?" सा.नी नाही म्हणायला इतका वेळ लावला की मला वाटलं हो म्हणतात की काय. नंतर दिवसभर कॉलर ताठ. संध्याकाळी मला म्हणाले, लोकांना लँडस्केपची जाण यायलीय. लँडस्केप! पस्तीस वर्षं आवक-जावक रजिस्टरच्या बाहेर न गेलेला माणूस.

११ ऑगस्ट
आजचं नीट लिहायला पाहिजे.

भावजींच्या मुगावर केवडा आलाय. पान पिवळं पडतं, मग झाड बसतं, मग शेजारचं. पिवळं झाड दिसलं की मुळासकट उपटायचं आणि बांधापलीकडे खड्ड्यात पुरायचं, म्हणजे बाकीचं पीक वाचतं. इथली सगळ्यांची हीच रीत आहे आणि मुगाच्या बाबतीत ती बरोबरच आहे. गया तीन बाया घेऊन सकाळपासून मुगात वाकलेली. सा. परभणीला पेन्शनच्या दाखल्यासाठी गेलेले.

दुपारी त्या रस्त्याच्या कडेला पोचल्या. मी ओट्यावर सूप घेऊन ज्वारीतले खडे वेचत होते. गयाने कमरेवर हात ठेवून आवाज दिला, "आक्का, ह्ये थोरल्या भावजींचं बी समदं पिवळं पडलंय की. केवडाच हाय. काडू का? आमच्या मुगात हितूनच यायलाय बगा."

मी ऐकलं. अगदी स्वच्छ ऐकलं. मान वर केली नाही. सुपातले खडे वेचत राहिले.

तिने क्षणभर वाट बघितली आणि वाकली. एक निघालं, दुसरं निघालं. मुळं फार धरलेलीच नव्हती, हिसका दिला की हातात. बाया चटपटीत, रांग धरून चालल्या. मी बघत होते. मला बरं वाटत होतं. लिहूनच ठेवते, बरं वाटत होतं. आठवं की नववं काढताना भावजी रस्त्यावरून ओरडत पळत आले, "अगं ए, दादाचं हाय ते!"

गया घाबरली. माझ्याकडे बघितलं. मी सूप घेऊन आत गेले.

१२ ऑगस्ट
सा. काल शेवटच्या गाडीने आले. उतरले ते रस्त्यातच थांबले. मग सरळ बांधाकडे गेले आणि खड्डा उकरला. नऊच्या नऊ बाहेर काढली, बादलीत मुळं धुतली आणि परत त्याच जागी लावली. चपला चिखलात, इस्त्रीचा शर्ट चिखलात.

गया रडत आली. म्हणाली, "भावजी, म्या आक्कांना इचारलं व्हतं. त्या वट्ट्यावरच व्हत्या."
सा. म्हणाले, असू दे.

रात्री ताटावर बसल्यावर मला विचारलं, "तू घरीच होतीस ना?"
"होते."
"बरं."
संपलं. एवढंच. माझ्याकडे दहा उत्तरं तयार होती. विचारायचं तर नीट विचारावं माणसाने. भांडावं. ह्यांना भांडताही येत नाही, फक्त वाक्य अर्धवट सोडून पाणी पिता येतं.

२३ ऑगस्ट
पुन्हा लावलेली नऊ वाळली. एकेक करून. सा. रोज सकाळी काडी मोडून बघतात आत ओल आहे का. आज शेवटचीही कटकन मोडली. काड्या गोळा करून बंबात घातल्या. पेटताना वास मात्र चांगला आला, देवघरात असतो तसा. पहिल्यांदाच काही उपयोग दिसला.

बारा राहिली.

१ सप्टेंबर
महालक्ष्म्या बसल्या. पावसाने नुसता धिंगाणा. काळी जमीन पाणी गिळत नाही, वर धरून ठेवते. रस्त्याच्या कडेने तळं साचलंय, त्यात नवरदेव गळ्यापर्यंत. सा. छत्री धरून उभे. झुडपावर छत्री, खाली पाण्यात झुडूप. बघवेना म्हणून आत आले आणि सोळा भाज्या चिरत बसले.

महालक्ष्म्यांना साड्या नेसवताना हात पुरत नाहीत. पूर्वी निऱ्या मनू घालायची. यंदा गया आली. त्या दिवसाविषयी तीही बोलली नाही, मीही नाही. निऱ्या तिने चांगल्या घातल्या.

१८ सप्टेंबर
चष्म्यासाठी परभणीला गेले होते. नंबर वाढलाय. तिथून मुद्दाम जिंतूर रोडच्या त्या नर्सरीत गेले, जिथून सा.नी वरात आणली होती. नर्सरीवाल्याला दोन शब्द ऐकवायचे होते. पाण्यात सडून आणखी पाच गेली. म्हटलं, रिटायर माणूस गाठून मरणारं झाड गळ्यात मारता, लाज वाटत नाही?

नर्सरीवाला सलीम. पाण्याचा पाइप बाजूला ठेवला, मला स्टूल दिलं. म्हणाला, "मॅडम, मी साहेबांना साफ सांगितलो होतो, हे इथं टिकत नाही. काळ्या रानात पाणी थांबतंय, मुळं सडतेत. कण्हेर घ्या, शंकासुर घ्या म्हटलो. साहेब ऐकलेच नाहीत. मोबाइल काढले, फोटो दाखवले. बोलले, आमच्या पोरीनं पुण्यात लावलंय, बिलकुल असंच पाहिजे."

मी म्हटलं, काय?

"रस्त्याच्या एका बाजूनं, ओळीत. किती झाडं हेसुद्धा फोटोवर बोट ठेवून मोजले. एकवीस होते. आमच्याकडं नव्हते तेवढे, बाहेरून मागवलो. साहेब तीन वेळा येऊन गेले, आले का म्हणून."

मी उठले. चहा घ्या म्हणाला. नको म्हटलं.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. काय वाटलं ते लिहायचं तर आधी संतापच आला. चार वर्षं पोरीला एक फोन करवत नाही या माणसाला. तोंड आहे, मोबाइल आहे, नंबर आहे. ते सोडून तिच्या रस्त्याची नक्कल करत बसलाय, तीही जिथे जगणार नाही अशा जमिनीत. आणि कोणाला सांगायचं नाही. मलासुद्धा नाही. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? हसलेच असते. ते त्यांना माहीत असणार.

सूप डोळ्यासमोरून जाईना.

१९ सप्टेंबर
सकाळी सा. झोपलेले असताना भावजींना बोलावून कडेने चर मारून घेतला. पाणी आता ओढ्याकडे उतरतं. भावजींनी विचारलं, "वैनी, नवरदेवासाठी का?" (हे नाव गावभर झालंय, मीच केलं.) म्हटलं नाही, रस्त्यावर चिखल होतो.

सा. उठले, चर बघितला, माझ्याकडे बघितलं. मी भाकरी थापत होते. म्हणाले, चर चांगला झालाय. म्हटलं, चिखल होतो म्हणून.

२१ सप्टेंबर, रविवार
मनूला सांगितलं. सरळच म्हटलं, "तुझ्या बापानं तुझी नक्कल केलीय. एकवीस ज्युनिपर आणून लावलेत, पोखर्णी रोडला, काळ्या रानात. तुझा फोटो बघून."
 
मग म्हणाली, "निचरा आहे का?"
"आता आहे."
"किती राहिलीत?"
"सात."
"बाकीची कशी गेली?"
मी म्हटलं, केवडा समजून उपटली बायांनी. उरलेलं आतच राहिलं. 
"फोटो पाठव," म्हणाली.
"नाही पाठवत. येऊन बघ."
"आई, त्यांनी एकदा फोन केला असता ना..." आणि वाक्य सोडून दिलं. पाणी प्यायल्याचा आवाज आला. बापाचीच पोर.

९ ऑक्टोबर
ऊन चटकायला लागलं. सा.नी देवगाव फाट्यावरून हिरवी जाळी आणली, बांबू रोवून सातही नवरदेवांवर मांडव घातला. वधूपक्ष तेवढा बाकी.

म्हटलं, सलीमला विचारा तरी, जाळी लागते का. म्हणाले, उन्हात जळतील. सातच आहेत. 'सातच' हे असं म्हणाले की मी पुढे बोलले नाही.

लक्ष्मीपूजन
मनू आली नाही. फोन मला आला, शुभेच्छा मला, सा. शेजारच्या खोलीत रेडिओ बारीक करून बसलेले. फोन ठेवल्यावर रेडिओ मोठा.

मी दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, फोन लावा तिला.
"तिला वेळ नसतो."
"तुम्हाला कोणी सांगितलं?"
"स्टेटसवरून दिसतं."
इतका राग आला की करंजीचं ताट त्यांच्यासमोर आपटलं. दोन फुटल्या. फुटलेल्याच खाल्ल्या त्यांनी.

२ नोव्हेंबर
जाळीखाली नवरदेवांची हळद उतरली. हिरवे झालेत. साधे, मेंदीच्या कुंपणासारखे हिरवे. सा. चष्मा पुसतात, परत बघतात. मोबाइलमधला फोटो शेजारी धरून बघतात. आता लपवतही नाहीत माझ्यापासून.

भावजींना म्हणाले, "नामदेव, हिरवी व्हायलीत रे."
भावजी म्हणाले, "मग बरं झालं की दादा. केवडा गेला."
मी आत जाऊन पदर तोंडात धरून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नंतर पाणी तेवढं राहिलं.

३० नोव्हेंबर, रविवार
मनू: "जानेवारीत हुरडा असेल ना?"
म्हटलं, ज्वारी पेरली की हुरडा असतोच, त्यात विचारायचं काय.
"एक दिवस येईन. एकटी. त्याला सुट्टी नाही."
सा.ना जेवताना सांगितलं. घास हातात राहिला. मग म्हणाले, वांग्यात तिखट जास्त झालंय. ह्या माणसाला देवाने जीभ फक्त चवीसाठी दिलीय.

९ जानेवारी
सा. तीन दिवस झाले पाण्याने पानं पुसतायत. ज्युनिपरची पानं पुसता येत नाहीत, ती टोचतात. बोटांना ओरखडे. विचारलं, काय करायलात? "धूळ बसली होती."

चौदाही रिकाम्या खड्ड्यांवर माती ओढली, वरून सारवल्यासारखं केलं. पोरगी हेच शिकलीय. तिला रांगेतल्या रिकाम्या जागा दिसणार नाहीत असं यांना वाटतं. पुरावा मिटवणारा हेडक्लार्क. तो खड्डा मात्र, बांधापलीकडचा, त्यांनी तसाच ठेवलाय. त्यातली नऊ कुठे गेली हे तेही बोलत नाहीत नि मीही नाही.

      उद्या ती येणार म्हणून हे सगळं.

१० जानेवारी
आली. सकाळच्या रेल्वेने परभणी, तिथून जीप. केस कापलेत, बारीक झालीय, हाताला माझ्यासारख्याच भेगा.

सा. इस्त्रीचा शर्ट घालून सहालाच तयार होते. जीप वळताना दिसली आणि हा माणूस मागच्या दाराने हरभऱ्याला पाणी द्यायला निघून गेला. कालच पाणी दिलं होतं. पळपुटेपणाला काही मर्यादा असते असं मला आजपर्यंत वाटायचं.

मनू रस्त्यातच उतरली. बॅग खाली ठेवली. जाळी उचलून पहिलं झाड बघितलं, दुसरं बघितलं, शेवटपर्यंत आली. बुडाशी बोट घालून माती काढली. मी ओट्यावरून खाली गेले. नाक वर करून म्हणाली, "हे कोणी लावलंय? इतकं खोल गाडलंय, खोडाला माती लागलीय. वरून जाळी. ह्याला रंग उन्हानं येतो, आई, सावलीत ठेवलं तर हिरवंच होणार. मारायचंच असेल तर अगदी बरोबर पद्धत आहे."

तो स्वर माझा होता. शब्द ठेवण्याची पद्धत माझी, नाक माझं. मला वर्षानुवर्षं वाटायचं की माझं काहीच तिने उचललं नाही.

मागे सा. उभे होते. हातात हुरड्याची कणसं, पायात चिखल. सगळं ऐकलेलं. मला वाटलं आता परत वळतील. वळले नाहीत.

म्हणाले, "तुझ्यासारखी जमली नाहीत."

मनूने त्यांच्याकडे बघितलं नाही. झाडाकडेच बघत राहिली. मग बॅग उचलून आत गेली.

हुरडा झाला. गया, भावजी, सुमनसुद्धा आली. मनू सगळ्यांशी बोलली, सा.शी सोडून. सा. आगटीजवळ बसून कणसं भाजून देत राहिले, चटके बसले तरी. तिच्या पानात गरम दाणे टाकायचे आणि हात मागे घ्यायचे. तिने सगळे खाल्ले.

निजताना मला म्हणाली, सकाळच्या पहिल्या बसने जाते. म्हटलं, जा.

मग अंधारातच तिला सांगितलं. त्या दिवशी सूप घेऊन बसले होते ते, गयाने विचारलं होतं ते. म्हटलं, नऊ मी घालवली. ती कुशीवर वळली. "बाबांना माहीत आहे?" एवढंच विचारलं. म्हटलं, पहिल्या दिवसापासून.

११ जानेवारी, रविवार
आज फोन नाही, पोरगी इथेच आहे.

उठले तर तिचं अंथरूण घडी घातलेलं. बॅग ओट्यावर, चेन लावलेली. वाटलं बसला गेली न सांगता. बाहेर बघितलं तर जाळ्या सोडून गुंडाळून ठेवल्यात आणि ती रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसलीय. एक झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढलंय, फडक्यावर ठेवलंय. खड्ड्यात खडी. सा. भावजींच्या घरामागून मुरूम आणतायत, घमेल्याने, गुडघा दुखतो तो हाच का विचारायला पाहिजे.

ओट्यावरून सगळं ऐकू येतं.
"थोडं वर."
"एवढं?"
"अजून."
"आता?"
"हां. दाबू नका."
बास. दोघांच्यात आज सकाळपासून एवढंच. नाव घेतलं नाही कोणी कोणाचं. बाबा नाही, मनू नाही. एकाला बोलता येत नाही, दुसरी त्याच्यावर गेलीय, आणि जिथे त्याच्यावर गेली नाही तिथे माझ्यावर गेलीय. सगळं अवघडच आहे.

सात झाडं. जगतील की नाही सांगता येत नाही. मी विचारलं तर नाक वर करून सांगेल. विचारलं नाही.

फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. मनूने मान वर केली. सा. घमेलं घेऊन अर्ध्या रस्त्यात थांबले, ना पुढे ना मागे.  मनूने हाताच्या मनगटाने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "अजून एक घमेलं लागेल."

सा. गेले आणायला. चालले नाहीत, पळालेच.

चहा दोनदा गरम करून झाला. पुढची बस दुपारची आहे. बॅगेची चेन अजून लावलेलीच आहे. मी सूप घेऊन ओट्यावर बसलेय. ज्वारीत खडे नाहीत, काल गयाने निवडून दिलीय. तरी वेचतेय, मान खाली घालून. आज मी चहालाही हाक मारणार नाही.